एक हितचिंतक

रविवारची सकाळ आमच्या घरात कधीच आमची नसायची. नऊ वाजले की बेल वाजायला लागायची आणि सिंगापुरातल्या यिशुनच्या सातव्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मराठी मंडळातली नऊ-दहा मुलं चपला दाराबाहेर भिरकावून आत घुसायची. बाबा त्याच्या पाच मिनिटं आधी पेपर काखेत मारून खालच्या कॉफीशॉपमध्ये पळालेले असायचे. आई टीपॉय भिंतीला सरकवायची, चटई अंथरायची आणि तिचा मराठीचा वर्ग सुरू व्हायचा. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, शेजारच्या मलाय आजींच्या रेडिओवरची गाणी आणि हॉलमध्ये दहा पोरांचा एका सुरातला घोष. वर्ग सुटला की दडपे पोहे. खोबरं ताजं हवं म्हणून आई शनिवारी सेरंगून रोडला जाऊन नारळ हलवून, कानाशी धरून आणायची. दुकानदार तिला ओळखायचा आणि घाबरायचा.

वर्गाचा जीव म्हणजे आईचा कित्ता. तिचं अक्षर टपोरं, मोत्याच्या दाण्यांसारखं, किंचित उजवीकडे झुकलेलं. प्रत्येक मुलाच्या वहीत पानाच्या वरची ओळ ती स्वतःच्या हाताने लिहायची आणि खालच्या नऊ ओळी आम्ही ती बघून गिरवायच्या. फोटोकॉपी काढून दे म्हटलं तर म्हणायची, "यंत्राचं बघून यंत्रासारखंच येतं." त्यामुळे त्या काळी सिंगापुरात वाढलेल्या मराठी मुलांची अक्षरं बहिणी-बहिणींसारखी दिसायची. त्यात सगळ्यात जवळचं माझं. मी पाचव्या वर्षापासून तो कित्ता गिरवत होते, दुसरं देवनागरी अक्षर मी नीट पाहिलेलंच नव्हतं. अक्षर होतं, पण भाषेची मला जराही फिकीर नव्हती. शाळेत इंग्रजी, दुसरी भाषा मलाय, आणि घरी आईने मराठीत काही विचारलं की मी इंग्रजीतच उत्तर फेकायची. "मीनल, मराठीत सांग." "कॅन लाह, आई, लेटर." ते लेटर कधी आलं नाही. आई रागवायची नाही, नुसती एकदा बघायची आणि कामाला लागायची. मला वाटायचं, हिला काय, सवय झालीय.

मग भागवत आले. भागवत काका पुण्याचे, संगणकवाले, दोन वर्षांच्या एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आलेले. बरोबर सुधाकाकू आणि माझ्याच वयाची, सोळा वर्षांची रेवती. आमच्यापासून तीन ब्लॉक पलीकडे त्यांना फ्लॅट मिळाला. इथल्या शाळेत रेवतीला एक वर्ष खाली बसवलं होतं आणि वर्गातलं इंग्रजी तिच्या डोक्यावरून जायचं. दुसरी कुणी असती तर मला तिची दया आली असती. पण ती पहिल्याच रविवारी आमच्याकडे आली, चटईच्या कडेला बसली आणि आईने सहज म्हटलेल्या कवितेच्या दोन ओळींच्या पुढच्या सहा ओळी तिने घडाघडा म्हणून दाखवल्या. आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मी दारात उभी होते, हातात काया, म्हणजे इथला नारळाचा जॅम, लावलेला टोस्ट. तो तसाच हातात राहिला.

त्यानंतर माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते सहा महिने थांबलं नाही. रेवती शाळेतून सुटली की स्वतःच्या घरी जायच्या आधी आमच्याकडे डोकवायची. मी माझ्या खोलीत कानाला वॉकमन लावून पडलेली, आणि स्वयंपाकघरात त्या दोघींचं गुऱ्हाळ. मी आवाज कमी करून ऐकायची. पुरण शिजताना वेलदोडा कधी आणि जायफळ कधी, भाकरीला पाणी कधी फिरवायचं, असल्या गोष्टी. या विषयांत मला काडीचा रस नव्हता, पण त्या मला कुणी सांगत नाही याचा मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा. आई तिला "बाळा" म्हणायची. मला लहानपणी म्हणायची, मग मीच एकदा बंद करायला सांगितलं होतं, शाळेतल्या मैत्रिणींसमोर लाज वाटते म्हणून. तिनं ते ऐकलं होतं, आणि आता तो शब्द रिकामा पडलेला पाहून दुसरीला देऊन टाकला होता. मला तो परत हवा होता, पण मागायचा कसा? मी रेवतीच्या वेणीवरून, तिच्या डब्यातल्या वासावरून, तिच्या "अय्या"वरून नाक मुरडत राहिले. जेवताना आई म्हणाली, "मीनल, रेवतीला जरा शाळेत सोबत दे गं, एकटी पडते." मी म्हटलं, "तिला तू आहेस ना." हे वाक्य मात्र मी चक्क मराठीत म्हटलं होतं. आईने चमकून पाहिलं आणि वाटीत आणखी आमटी वाढली.

आता त्या सिनेमाबद्दल सांगते. मंडळात तेव्हा अकराच घरं होती. त्यातले राजाध्यक्ष काका बँकेत वरच्या जागेवर, एका महागड्या खासगी संकुलात, काँडोत, राहायचे, आणि त्यांना जुन्या परदेशी सिनेमांचं वेड होतं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी त्यांच्या काँडोच्या खालच्या हॉलमध्ये ते मोठा टीव्ही लावायचे, व्हिडिओ कॅसेट घालायचे आणि अकराही घरांना बोलवायचे. बायका येताना डबे आणायच्या, त्यामुळे पुरुष यायचे. त्या शनिवारी काळा-पांढरा फ्रेंच सिनेमा होता, खाली इंग्रजी अक्षरं. एक लहानसं गाव, आणि तिथे लोकांना निनावी पत्रं यायला लागतात. पत्रात दुसऱ्याची कुलंगडी. कोण लिहितंय कळत नाही, आणि मग प्रत्येकजण प्रत्येकाकडे संशयाने बघायला लागतो. लहान मुलं दहा मिनिटांत बागेत पळाली, अर्धे पुरुष पेंगले, सुधाकाकू अक्षरं वाचायच्या भानगडीत न पडता नुसते चेहरे बघून "बाई बाई" करत राहिल्या. मी मात्र डोळ्यांची पापणी न हलवता बघत होते. एक कागद, एक पाकीट, आणि अख्खं गाव हलतं. लिहिणाऱ्याला जागचं उठावंही लागत नाही. परवा तोच सिनेमा मी लॅपटॉपवर पुन्हा पाहिला. आता माझं लक्ष पत्रांकडे गेलंच नाही. पत्र वाचणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे गेलं, आणि मी तो अर्ध्यावर बंद केला.

सिनेमा संपल्यावर चकल्या खाता खाता राजाध्यक्ष काकांनी काडी टाकली. "आपल्या मंडळात असं झालं तर कोण लिहील?" मग काय विचारता. कुणी कर्णिक मावशींचं नाव घेतलं, कारण मंडळातली बातमी त्यांच्याकडूनच निघायची. मावशी म्हणाल्या, "मी कशाला लिहीन? मी तोंडावरच सांगते." यावर सगळे खो खो हसले. कुणीतरी आईचं नाव घेतलं, तेव्हा भागवत काका म्हणाले, "विमलवहिनी नाही लिहू शकणार. त्यांचं अक्षर अकरा घरांत पाठ आहे." पुन्हा हशा. आईसुद्धा हसली. एकूण फार मजेत गेली ती दुपार.

दुसऱ्या दिवशी रविवार. वर्गाच्या जरा आधी मी उठून हॉलमध्ये आले, तर आई स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होती आणि चटईवर रेवती बसली होती. तिच्यासमोर लहान मुलांच्या वह्यांची चळत, आणि ती प्रत्येक पानाची पहिली ओळ लिहीत होती. आईची ओळ. तिचं अक्षर वेगळं, उभट, पुण्याच्या शाळेतलं. मी आईला विचारलं, हे काय चाललंय. आई कढईतून मान न वळवता म्हणाली, "माझा अंगठा हल्ली दुखतो गं. रेवती म्हणाली, मी देते लिहून." मी अकरा वर्षं तो कित्ता गिरवला होता. माझं अक्षर आईच्या अक्षरावर ठेवलं तर दिव्यासमोर धरूनही फरक कळला नसता. आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर मी "नो लाह, सो बोरिंग" म्हणाले असते, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण विचारायचं तर होतं. मी पोहे न खाता खोलीत गेले आणि दार लावून रडले. राग इतका होता की उशीचा अभ्रा दातांनी फाटला.

सुधाकाकूंच्या हाताला चव होती. त्यांच्या पुरणपोळ्या म्हणजे तलम, आणि कडेपर्यंत पुरण. दोन-तीन घरांत दिल्या, मग सगळ्यांनीच मागायला सुरुवात केली, आणि हळूहळू त्याच्या ऑर्डरी झाल्या. आईच फोनवरून ऑर्डरी घ्यायची आणि एका छोट्या वहीत लिहून काकूंना द्यायची. आता, नवऱ्याच्या पासवर आलेल्या बायकोला इथे परवानगीशिवाय असं काही विकता येत नाही. हे अकराही घरांना माहीत होतं आणि अकराही घरं त्या पोळ्या खात होती. कुणी त्याबद्दल बोलायचं नाही, एवढाच काय तो नियम. सोमवारी मी शाळेतून आले तेव्हा आई बाजारात गेलेली होती. मी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं. इंग्रजीत लिहून उपयोग नव्हता, काकूंना ते वाचता आलं नसतं. "परवानगी नसताना पोळ्या विकता हे ऑफिसात कळलं तर काकांचा पास जाईल. तसं होण्याआधी पुण्याला परत गेलेलं बरं." खाली नाव न घालता "एक हितचिंतक". तो शब्द मला लग्नपत्रिकांमधून माहीत होता आणि फार भारदस्त वाटायचा. निनावी म्हणजे नाव घालायचं नाही, एवढंच मला कळलं होतं. अक्षर बदलायचं असतं हे डोक्यात आलंच नाही, कारण बदलून लिहायला दुसरं अक्षर माझ्याकडे नव्हतं. उलट पान छान दिसावं म्हणून मी शिरोरेघा पट्टीने मारल्यासारख्या सरळ ओढल्या. आमच्या ब्लॉकखालून चालत गेले आणि त्यांच्या टपालपेटीच्या फटीतून तो कागद आत सोडला. परत येताना बाकावर बसलेल्या चिनी आजोबांनी "स्कूल ओव्हर?" असं विचारलं, आणि मी हसून "येस अंकल" म्हटलं. भूक लागली होती, ते आठवतं.

माझी अपेक्षा काय होती, असं मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. रेवती आठ-दहा दिवस यायची थांबेल, एवढंच बहुधा. पण त्या कागदाने भागवतांच्या तोंडचं पाणी पळालं. काकूंनी पोळपाट-लाटणं माळ्यावर टाकलं. काका ऑफिसातून आल्यावर दार लावून बसायचे, बेल वाजली की आधी भोकातून बघायचे. दोन आठवड्यांत त्यांनी स्वतःहून कंपनीला सांगितलं की मला पुण्याच्या ऑफिसात परत पाठवा. आणि मंडळात तर हलकल्लोळ. पत्र काकूंनी कुणाला दाखवलं नाही, पण बातमी फुटलीच. सिनेमा बघितलेल्या त्या हॉलमधल्याच कुणाचं तरी हे काम, यात कुणाला शंका नव्हती. राजाध्यक्ष काकांनी शनिवार बंद केले. काही लोकांचं म्हणणं, त्यांनीच मुद्दाम ती कॅसेट लावली. चार बायका एकत्र बसल्या की पाचवी आल्यावर गप्प व्हायच्या. त्याच सुमारास गणपती आले; आरतीला टाळ्या वाजत होत्या, पण लोक गणपतीकडे कमी आणि एकमेकांच्या हातांकडे जास्त बघत होते. कुणी कुणाला साधी चिठ्ठी लिहून देईना. हे सगळं माझ्या अर्ध्या पानाने केलं होतं. भीती वाटायची, आणि खोटं का बोलू, थोडा अभिमानही वाटायचा.

तिसऱ्या रविवारी वर्ग सुटल्यावर सुधाकाकू आल्या. एका हातात ते पत्र, दुसऱ्या हातात ऑर्डरींची छोटी वही. मी स्वयंपाकघरात कपबशा विसळत होते. काकू बसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही टीपॉयवर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "वहिनी, मी तीन आठवडे स्वतःला सांगतेय, हे तुमचं नाही. तुम्हीच सांगा." आईने चष्मा लावला. मी नळ बंद केला. आईने ते पत्र वाचलं, मग पुन्हा वाचलं, बोट एका शिरोरेघेवरून सावकाश फिरवलं. स्वयंपाकघराच्या दाराकडे तिने पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला तेव्हाच कळलं. "अक्षर माझंच आहे, सुधाताई," ती म्हणाली. काकू थांबल्या. आई पुढे काही तरी म्हणेल, म्हणून त्या थांबल्या, आणि आतमध्ये मीही. आईने चष्मा काढून ठेवला. "का पण? तुमच्या घरात माझी पोर लेकीसारखी वावरत होती," काकूंचा आवाज फुटला. आईने पत्राची घडी घातली आणि त्यांना परत दिली. दार लागल्यावर ती आत आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "पोहे उरलेत. खाणार?" मी मान हलवली. बशी संपवली, कारण ती समोर बसून बघत होती.

त्यानंतर आमच्या रविवारची बेल वाजली नाही. कुणी "पोराची ट्यूशन आहे" म्हणालं, कुणी काहीच नाही. रेवती येण्याचा तर प्रश्नच नव्हता. मला हवं होतं ते अगदी तंतोतंत मिळालं. सकाळचे नऊ, रिकामी चटई आणि आई, फक्त माझी. ती टेबलापाशी बसून शेंगा सोलायची. मी तिच्यासमोर जाऊन बसायची, मराठीत काहीबाही विचारायची, ती मोजकं उत्तर द्यायची. एकदा मी पाहिलं, तिच्या मांडीवर रेवतीची कवितांची वही होती, ती विसरून गेलेली, आणि आई नुसती पानं उलटत होती. मेली ही आता घरात नाही तरी हिचीच आठवण, असं माझ्या मनात आलं. हो, तेव्हासुद्धा. मत्सर एवढ्या सहजी जात नाही. पन्नाशी उलटली तरी मला तो अधूनमधून भेटतो, कधी जावेच्या निमित्ताने, कधी कुणाच्या हुशार मुलाच्या. पण आता मी त्याला चेहऱ्यावरून ओळखते.

बांध फुटला तो कर्णिक मावशींमुळे. आईने मला लिटिल इंडियातल्या देवळात नारळ ठेवायला पाठवलं होतं. मावशी तिथे दोघीतिघींना घेऊन बसल्या होत्या, मी खांबाच्या पलीकडे. "विमलचं काय, आधी सणाला तिच्याच पोळ्यांचं कौतुक व्हायचं. सुधा आली नि हिला कोण विचारतं? जळली हो ती. दुसऱ्याचं बरं बघवलं नाही तिला." मी तिथेच उभी राहिले. जळफळाट माझा, माझ्या पोटातला, सहा महिने मी जपलेला, आणि या बायकांनी तो उचलून आईच्या अंगावर घातला होता. आईच्या, जिने काकूंच्या पोळ्या वाखाणून वाखाणून अकरा घरांत पोचवल्या होत्या. नारळ हातात तसाच घेऊन मी एमआरटीच्या गाडीत बसले आणि घर येईपर्यंत रडले. शेजारची बाई मला कागदी रुमाल देत राहिली.

आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती, लांब बांबूवर एकेक शर्ट ओवून. मी म्हटलं, "आई, ते पत्र मी लिहिलं." तिने हातातला शर्ट ओवला, बांबू बाहेर सरकवला, मग वळली. "माहीत आहे मला. तू सांगशील म्हणून थांबले होते. सहा आठवडे झाले, मीनल." तिचा चेहरा रागावलेला नव्हता. फार थकलेला होता. मी विचारलं, मग तू सांगितलं का नाहीस कुणाला. ती म्हणाली, "साडी बदलून येते. आत्ता जायचं त्यांच्याकडे. बोलायचं तू, मी नुसती बरोबर."

भागवतांच्या घरात खोकी बांधून झाली होती. शुक्रवारी विमान. काकूंनी दार उघडलं आणि आईला बघून लावायला लागल्या, तेव्हा मी मध्ये हात घातला. दारातच उभं राहून सगळं सांगितलं, अडखळत, मराठीत. रेवती खोक्यावर चिकटपट्टी लावत होती, तिचा हात थांबला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "वहिनी, तुम्ही नाही म्हणाला असतात तर..." "नाही म्हटलं असतं तर पुढचं नाव तुम्ही कुणाचं घेतलं असतं?" आई म्हणाली. काकू मटकन खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. रेवती उठून माझ्यासमोर आली. मला वाटलं मारते आता. "तुझा मला किती राग यायचा माहितीये?" ती म्हणाली. "विमलकाकू सारखं तुझंच बोलायच्या. मीनलला कविता आवडायला काय करू, मीनलला घरचं गोड का लागत नाही, तू तिच्या वयाची आहेस, तू सांग. मी तिथे होते ती तुझ्यासाठीच." मला वर बघवेना. सॉरी म्हटलं, पण ते इंग्रजी निघालं आणि फार हलकं वाटलं.

काकू फोनकडे गेल्या. "आत्ता कर्णिक मावशींना लावते. मीच सगळीकडे तुमचं नाव सांगितलं, मीच निस्तरते." आईने जाऊन त्यांच्या हातातला फोन खाली ठेवला. "नको. तुम्ही शुक्रवारी जाल. हिला इथेच राहायचंय, याच अकरा घरांत. सोळा वर्षांची आहे, जन्मभर तेच चिकटेल." काकू म्हणाल्या, "आणि तुम्हाला चिकटलंय ते?" आई हसली. "माझं काय, मला कुठे आता लग्न ठरवायचंय." काकूंनी कुणाला न सांगण्याचा शब्द दिला, तिला मिठी मारली आणि दोघी रडल्या. आणि मला, खरं सांगते, हायसं वाटलं. पत्र लिहिल्याची लाज मी इतक्या वर्षांत दोघांना सांगितली आहे, नवऱ्याला आणि एका मैत्रिणीला. त्या क्षणी हायसं वाटलं, हे त्यांनाही नाही. आई माझ्यासाठी नाव घालवत होती आणि मी मनात म्हणत होते, सुटले.

सुधाकाकूंनी शब्द पाळला. भागवत गेले, मंडळ वाढत गेलं, अकरा घरांची पुढे शेकडो झाली. आईचा वर्ग पुन्हा कधी भरला नाही. पण घरात ती माझ्याशी पूर्वीसारखीच बोलायची, अगदी पूर्वीसारखी, आणि त्या विषयावर तिने शेवटपर्यंत एक अक्षर काढलं नाही. मी ठरवायची, पुढच्या गणपतीत सगळ्यांसमोर सांगेन. मग माझं लग्न ठरलं, मग मुलं, मग म्हटलं आता कुणाच्या लक्षात असणार.

आई गेल्या महिन्यात गेली. तोआ पायोहला, मी आता राहते त्या ब्लॉकखाली मोकळ्या जागेत खुर्च्या मांडून शोकसभा केली. बोलायला खूप माणसं उभी राहिली, बहुतेक नवी, ज्यांना ती नुसती म्हातारी साठे आजी म्हणून माहीत होती. नंतर मी चहा फिरवत होते. कर्णिक मावशी आता नव्वदीच्या आहेत, चाकाच्या खुर्चीत. त्यांनी माझा हात धरला, डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. "गुणी बाई हो तुझी आई. ते पत्राचं तेवढं एक सोडलं तर." शेजारच्या दोघी माना डोलवायला लागल्या. त्यांतली एक तर त्या वेळी सिंगापुरात नव्हतीसुद्धा. मी तोंड उघडलं. आणि विचारलं, "मावशी, साखर चालते ना तुम्हाला?"

त्यांना चहा दिला, खुर्च्या आवरल्या, वर आले. मोबाईलवर मंडळाचा ग्रुप उघडला, पण तिथे छापील अक्षरं, ते मला नको होतं. मुलाच्या कपाटातून रेघांचा कागद काढला आणि पेनने लिहिलं: ते पत्र विमल साठे यांनी लिहिलेलं नाही. ते मी लिहिलं, मला हेवा वाटत होता म्हणून. आईला ते पाहिल्या क्षणापासून माहीत होतं, आणि तिने ते माझ्यासाठी स्वतःवर घेतलं. कागदाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. हितचिंतक वगैरे काही नाही, खाली माझं पूर्ण नाव.